नागिणीनंतरच्या दुखण्यावरील उपचारांसाठी एका डॉक्टरांचे आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

अण्णांच्या छातीवरील नागिणीच्या खपल्या पडून त्वचा स्वच्छ झाली, तरी त्या पट्ट्यातली आग तीन महिने उलटूनही शमली नव्हती आणि बनियनचा स्पर्शही त्यांना सोसवत नव्हता. ‘आता काही दिसत तर नाही, वयोमानाने असे व्हायचेच’, हे जिथे तिथे ऐकून त्यांनी दुखणे सांगणेच सोडले होते.

आपण त्यांना डोळे मिटायला सांगून आधी कापसाचा धागा आणि मग टाचणी लावून पाहिलीत. कापूस लागताच ते कळवळले. टाचणी मात्र त्यांना बोथट वाटली. मग पेनाने पाठीपासून छातीपर्यंत त्या पट्ट्याची कड आखत आपण समजावलेत, की लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षे दबा धरून असतो, उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की तिथूनच पुन्हा उचल खातो, आणि इजा झालेला तंतू पुढेही विनाकारण संदेश धाडत राहिल्याने मज्जारज्जू इतका हळवा होतो की साधा स्पर्शही वेदना होऊन मेंदूपर्यंत पोहोचतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना हे दुखणे का दाद देत नव्हते, ते तेव्हा उमगले. (नागिणीचे तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो, या आईच्या भीतीला आपण हसला नाहीत, नागीण एका बाजूच्या तंतूच्या पट्ट्यातच राहते, हे त्याच रेघांवर तिला दाखवलेत.)

मूत्रपिंडाची तपासणी पाहून आपण गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरचे औषध रात्रीच्या लहान मात्रेपासून सुरू केलेत आणि ते एकाएकी बंद करू नका, असे बजावलेत. आपण सुचवलेले दुसरे औषध, अमिट्रिप्टिलिन, हे नैराश्यावरचे आहे असे कळताच अण्णा बिथरले होते. ‘म्हणजे हे सगळे माझ्या मनाचेच खेळ का?’ त्यावर, अल्प मात्रेत ते मज्जारज्जूतील वेदनेचे संदेश दाबते, हे आपण शांतपणे सांगितलेत, आणि ईसीजी पाहिल्याशिवाय ते दिले नाहीत. दुखणे समूळ जाईल असे आश्वासनही आपण दिले नाहीत; ते निम्म्यावर यावे आणि झोप लागावी, एवढेच ध्येय ठेवलेत. मला त्याचेच मोल अधिक वाटते.

आता त्यांना झोप लागते, सदरा घालता येतो; संध्याकाळी मात्र धग जाणवतेच. आपल्या सल्ल्याने आईने नागिणीच्या लशीचा पहिला डोस घेतला आहे. परवा शेजारच्या काकांच्या कमरेवर एका बाजूला पुरळ दिसताच अण्णांनी त्यांना लगोलग दवाखान्यात धाडले, कारण विषाणूरोधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्यात, हे आपले सांगणे त्यांच्या पक्के ध्यानात आहे.

आपला कृतज्ञ,
आपल्या एका रुग्णाचा मुलगा