आधी वाहिन्यांचं अस्तर

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

किडनीच्या स्कॅफोल्डचं, म्हणजे पेशी धुऊन काढलेल्या किडनीच्या सांगाड्यात नव्या पेशी वाढवण्याचं, काम हाती घेतलंस. आता मन नेफ्रॉनकडे, म्हणजे रक्त गाळून मूत्र बनवणाऱ्या सूक्ष्म एककांकडे, धावेल, पण पहिले काही महिने त्यांचा विचारच करू नकोस. रक्तवाहिन्यांना आतून अखंड अस्तर लागल्याशिवाय बाकी सगळी मेहनत गुठळीत अडकते. 2012 मध्ये अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या गटाने डुकराच्या किडन्या पेशीमुक्त करून डुकरांतच बसवल्या. रक्त आत शिरलं, शिवण टिकली, पण पुढे वाहिन्या गुठळ्यांनी भरून गेल्या. कारण सरळ आहे. अस्तर नसलं की भिंतीतलं कोलॅजन हे प्रथिन उघडं पडतं, आणि उघडं कोलॅजन दिसताच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट चिकटतात.

शरीरातून नव्या वाहिन्या आपोआप आत वाढतील, या भरवशावर राहू नकोस. पेशीला केशवाहिनीपासून 100 ते 200 मायक्रोमीटरच्या आतच पुरेसा ऑक्सिजन मिळतो. बाहेरून वाहिन्या आत पोचायला दिवस, आठवडे लागतात. मधल्या पेशी तेवढा वेळ जगत नाहीत. म्हणून मूळचं जाळं राखणं हीच पेशीमुक्त किडनीची खरी किंमत.

धुण्यापासून काळजी घे. किडनी काढताच हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) द्रावाने रक्त पूर्ण बाहेर काढ. आत गोठलेलं रक्त राहिलं तर तो भाग पेशी धुऊन काढणाऱ्या डिटर्जंटला कधीच भेटत नाही. पंप प्रवाहावर न लावता दाबावर लाव, नाहीतर एखादी वाहिनी तुंबली की दाब चढतो आणि ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे झुबके, फाटतात. वाहिनीत घातलेल्या नळीच्या, कॅन्युलाच्या, आधी बुडबुडे पकडणारा सापळा हवाच. 1 टक्का एसडीएस या डिटर्जंटने धुऊन झाल्यावर थेट फॉस्फेट बफर सोडू नकोस: बफरमधल्या पोटॅशियमसोबत एसडीएस न विरघळणारा साका होऊन केशवाहिन्यांत बसतो. आधी शुद्ध पाणी, मग 1 टक्का ट्रायटन हा सौम्य डिटर्जंट, त्यानंतर बफरने काही दिवस धुणं. राहिलेलं एसडीएस नव्या पेशींना मारतं, आणि हे तुला पेशी सोडल्यानंतरच कळेल; म्हणून धुण्यात घाई नको. जुन्या पेशींचा उरलेला डीएनए कोरड्या वजनाच्या दर मिलिग्रॅममागे 50 नॅनोग्रॅमच्या खाली आला पाहिजे.

पेशी पेरताना नवखे लोक फक्त धमनीतून सोडतात. त्या ग्लोमेरुलसपाशी अडकतात, कारण सुटी एंडोथेलियल (अस्तराची) पेशी केशवाहिनीपेक्षा जाड असते. पुढचं ट्यूब्यूलभोवतीचं (मूत्रनलिकांभोवतीचं) जाळं रिकामं राहतं. शिरेकडूनही पेशी सोड. गोळे झालेल्या पेशी आधी चाळून घे. एक गोळा अख्खी फांदी बंद करतो. पेरल्यावर काही तास पंप बंद ठेवून पेशींना धरू दे, मग प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढव. एकदम वाढवलास तर त्या सुटून जातात. अगदीच कमी ठेवलास तर त्या प्रवाहाच्या दिशेने लांबट होत नाहीत आणि गुठळी रोखणारे गुणही पुरते येत नाहीत.

वाढीसाठी फक्त व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन ओतत राहणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. वाहिन्यांना नव्या फांद्या फुटतात, पण त्या गळक्या होतात. भिंतीला आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी आणि वाहिन्या पक्क्या करणारं अँजिओपोएटिन-1 हे प्रथिन सोबत लागतं. ग्लोमेरुलसचं अस्तर तर आणखी वेगळं, सूक्ष्म छिद्रांचं. ती छिद्रं टिकायला शेजारच्या पोडोसाइट या गाळणीच्या पेशींकडून व्हीईजीएफ सतत मिळावं लागतं. म्हणून गाळणीचा दर्जा पोडोसाइट आल्यावरच तपास, आधी नाही. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ओट यांच्या गटाने उंदराच्या किडनीत धमनीतून एंडोथेलियल पेशी आणि मूत्रवाहिनीतून नवजात उंदराच्या किडनी-पेशी सोडल्या, आणि तिथे मूत्र तयार झालं. तो मार्ग नीट अभ्यास.

अस्तर पुरं झालं का, हे एका सुंदर छेदावरून ठरवू नकोस. सीडी31 या अस्तर-पेशींच्या खुणेचं रंगण कॉर्टेक्स (बाहेरचा थर), मेड्युला (आतला भाग), वरचं टोक, खालचं टोक, सगळीकडे बघ. मग ताजं रक्त फिरव आणि प्लेटलेट आधी-नंतर मोज. रिकामा स्कॅफोल्ड शेजारी तुलनेला ठेव. हेपॅरिन नळ्यांपुरतंच घाल, जास्त घातलंस तर दोष झाकला जातो. प्लेटलेट घसरत असतील, प्रवाहाला अडथळा वाढत असेल, तर अस्तरात भोकं आहेत. पेशी पुन्हा पेर.

पहिल्या छेदांचे फोटो मला पाठव. मेड्युलाचे वेगळे काढ, भोकं तिथेच लपतात.

तुझा,
बाबा