दहा मिनिटांत काय सांगशील

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

एन-डबल-ए-सी-पी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था, तिच्या गौरवाच्या कार्यक्रमात तुला दहा मिनिटं बोलायचं आहे, हे वाचून फार बरं वाटलं. १९०८ साली लिंकनच्या गावात, स्प्रिंगफील्डला, गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर हल्ला केला आणि त्यातून १२ फेब्रुवारी १९०९ला ही संस्था उभी राहिली, एवढं तिथे सगळेच सांगतील. तू वकिलीची विद्यार्थिनी आहेस, तेव्हा तिने खटले कसे उभे केले ते सांग.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६च्या निकालाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व कायदेशीर ठरवलं होतं, म्हणजे सोयी समान असतील तर गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवायला हरकत नाही. संस्थेचा वकील चार्ल्स ह्यूस्टन याने त्यावर थेट घाव न घालता आधी लॉ स्कूलं आणि पदव्युत्तर वर्ग निवडले. विद्यार्थी मोजके, त्यामुळे गोऱ्या समाजाचा विरोध त्या मानाने कमी. आणि दोन-चार जणांसाठी खरोखर ‘समान’ लॉ स्कूल बांधायचं तर राज्याचा खजिना रिकामा व्हायचा. शिवाय चांगलं लॉ स्कूल म्हणजे काय, हे न्यायाधीशांना समजावून सांगावं लागत नाही. मिसुरीने ‘शेजारच्या राज्यात शिक, फी आम्ही भरतो’ अशी पळवाट काढली, ती १९३८ मध्ये बंद झाली. ओक्लाहोमाने मॅक्लॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला, पण वर्गाबाहेरच्या खोलीत बसवलं, लायब्ररीत आणि जेवणाच्या हॉलमध्ये वेगळं टेबल दिलं. १९५०ला तेही बेकायदा ठरलं. त्याच वर्षी ह्यूस्टन गेला. लढाईची सूत्रं त्याआधीच त्याचा विद्यार्थी थरगुड मार्शल याच्या हातात आली होती.

आता क्लॅरेंडन काउंटी, साउथ कॅरोलिना. इथे घाई करू नकोस. गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च, कृष्णवर्णीय मुलामागे ४३. गोऱ्या मुलांना तीस बस, यांना एकही नाही. लेव्ही पीअर्सन या शेतकऱ्याने फक्त बस मागितली आणि दावा लावला. त्याची जमीन दोन शाळा-जिल्ह्यांच्या हद्दीवर होती. कर भरला जायचा एकीकडे, मुलं शिकायची दुसरीकडे. तेवढ्या मुद्द्यावर १९४८ मध्ये दावा फेटाळला गेला. म्हणून पुढच्या वेळी मार्शलने अट घातली: किमान वीस वादी हवेत. एक गळला, एकाच्या कागदात खोट निघाली, तरी दावा उभा राहिला पाहिजे. त्या यादीतल्या हॅरी ब्रिग्जची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, त्याच्या बायकोची मोटेलमधली गेली. तरीही पुरेशी नावं टिकली. ब्राउन खटल्यात एकत्र आलेल्या पाच दाव्यांपैकी हा एक. १७ मे १९५४, नऊ विरुद्ध शून्य: सरकारी शाळांत मुलांना वर्णावरून वेगळं बसवणं बेकायदा ठरलं. वकिलांच्या युक्तिवादाइतकंच त्या सह्यांचं मोल आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच सभासदांची यादी ही संस्था जिवापाड जपायची. १९५६ मध्ये अलाबामा राज्याने ती मागितली. संस्थेने पदाधिकाऱ्यांची नावं दिली, साध्या सभासदांची दिली नाहीत. कारण नाव फुटलं की नोकरी जाणार, घरावर हल्ला होणार. एक लाख डॉलर दंड झाला. १९५८ला सर्वोच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला, तरी त्या राज्यात बंद पाडलेलं काम पुन्हा सुरू व्हायला १९६४ उजाडलं.

निकालाने सगळं मिटलं, असं मात्र बोलू नकोस. अंमलबजावणीच्या १९५५च्या आदेशात तारीखच नव्हती, आणि त्याचा फायदा घेऊन राज्यांनी चालढकल केली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर मुलं एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ पासून पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या.

आपल्याकडचा धागाही खरा आहे, तो जरूर सांग. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहून नॅशनल निग्रो काँग्रेस या तिथल्याच दुसऱ्या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यावा, हा विचार त्यांच्या मनात होता. डु बॉईस यांनी उत्तरासोबत अर्ज पाठवला आणि एन-डबल-ए-सी-पी याहून सविस्तर, पुराव्यांसह निवेदन देईल असं कळवलं. ते १९४७ला दिलं गेलं.

वेळ कमी पडला तर मिसुरी-ओक्लाहोमा दोन वाक्यांत उरक. पीअर्सन आणि ब्रिग्ज ही नावं मात्र गाळू नकोस.

तुझी,
आई