दोषारोपपत्रानंतर साक्षीदाराचे कोण? मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध नियम, १९९५ मधल्या नियम १६ प्रमाणे राज्यस्तरीय दक्षता व नियंत्रण समितीचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे असते. समितीने वर्षातून किमान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बसायचे असते. सरकारे आली आणि गेली, नियम तोच राहिला. त्या खुर्चीत आज आपण आहात, म्हणून हे पत्र आपल्याला. सामाजिक न्याय खात्याला लिहिले असते तर ते गृहखात्याकडे गेले असते, गृहखात्याने अभिप्रायासाठी परत पाठवले असते, आणि दोन्हीकडच्या फायलींत ते सुखाने राहिले असते.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात वकिली करतो. ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत फिर्यादीच्या बाजूने उभा राहतो. खटला सरकारी वकीलच चालवतात; पण जामिनापासून शिक्षेपर्यंत पीडिताचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम १५अ मुळे झाली आहे, ते म्हणणे मांडणे एवढेच माझे काम.

आपल्या पोलीस दलात नागरी हक्क संरक्षण नावाचा विभाग आहे. विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या हाताखाली चालणारा. ठाण्यात आणि कोर्टात सगळे त्याला पीसीआर म्हणतात. १९५५ सालच्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाला १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, त्यावरून हे नाव. अत्याचार प्रतिबंध नियमांतल्या नियम ८ मध्ये अशा कक्षाची कामे दिली आहेत, ती वाचली की कोणालाही वाटेल, अजून काय हवे? जिथे अत्याचाराची शक्यता आहे त्या भागांची पाहणी करायची, गरज पडल्यास तिथे पोलीस चौकीची शिफारस करायची, गुन्ह्यामागची कारणे शोधायची, लोकांच्या मनातली सुरक्षिततेची भावना परत आणायची, लोकसेवकाने जाणूनबुजून हयगय केली का ते पाहायचे, खटल्यांच्या स्थितीचा आढावा घ्यायचा आणि दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा अहवाल शासनाला द्यायचा.

माझ्या अनुभवात ही सगळी यादी आकसून एका ओळीवर येते: 'सदर गुन्ह्याच्या तपासाची सद्यस्थिती कळविण्यात यावी.' ठाण्यातून उत्तर जाते, 'दोषारोपपत्र मा. न्यायालयात दाखल.' झाले. नोंदवहीत पुढचा रकाना भरला जातो आणि विभागाच्या लेखी प्रकरण मार्गी लागते.

दोषारोपपत्राला उशीर होतो हे रडगाणे मी गाणार नाही. साठ दिवसांत तपास संपवून दोषारोपपत्र द्यायचे, हे २०१६ च्या नियमांपासून बऱ्यापैकी अंगवळणी पडले आहे. काही उपअधीक्षक तर मन लावून तपास करतात. पंचनामा वाचला की कळते. माझी तक्रार एकसष्टाव्या दिवसापासून सुरू होते. त्या दिवसापासून खटला कागदावरून माणसांवर येतो. गावात राहणाऱ्या, आरोपीच्या भावकीच्या बांधाला बांध लागून असलेल्या, त्यांच्याच रानात रोजाने जाणाऱ्या माणसांवर. खुनाच्या प्रकरणात अर्थसाहाय्याचा दुसरा हप्तासुद्धा दोषारोपपत्राबरोबरच मिळतो. म्हणजे पैसे आणि पोलीस दोघेही एकाच मुक्कामावर उतरून जातात.

खर्डा आठवून पाहा. जामखेड तालुका, २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा दलित मुलगा, दिवसाउजेडी शाळेच्या आवारातून मारत नेलेला आणि ठार केलेला. सारा महाराष्ट्र हळहळला, मंत्र्यांच्या गाड्या गावात गेल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला, तो सगळे निर्दोष असा. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. त्याच जिल्ह्यात, सोनईला, १ जानेवारी २०१३ रोजी तिघांचा खून झाला होता. तो खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालला, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जोडली गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. फाशीबद्दल माझी मते वेगळी आहेत, तो विषय इथला नाही. मला एवढेच दिसते की जिथे खटला गावकीच्या आवाक्याबाहेर गेला तिथे तो टिकला, आणि जिथे सगळा भार गावातल्या माणसाच्या तोंडी साक्षीवर राहिला तिथे कोसळला.

ती साक्ष कशी होते, ते सांगतो. गाव आणि नावे सांगत नाही, बाई अजून तिथेच राहते.

बाई मातंग समाजाची, शेतमजूर. मारहाण तिने दारात उभे राहून पाहिली होती. तिची साक्ष निघाली घटनेनंतर तिसऱ्या वर्षी. समन्स घेऊन शिपाई गावात आला आणि त्याने तिचे घर विचारले ते पाराजवळ बसलेल्यांना. म्हणजे तारीख बाईच्या आधी गावाला कळली. सकाळची एकच एसटी. त्याच गाडीत पुढच्या बाकावर आरोपींचे दोन पाहुणे. कोर्टात पोचली तर सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात एका खुनाच्या खटल्यात अडकलेले, तारीख पुढे गेली. दुसऱ्या तारखेला आरोपींच्या वकिलांचा अर्ज. तिसऱ्या वेळी पुकारा झाला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि बाई सकाळपासून व्हरांड्यातल्या एकाच बाकावर आरोपींच्या समोर बसून होती, कारण साक्षीदारांना बसायला दुसरी जागा त्या इमारतीत नाही. पिंजऱ्यात तिने नाव सांगितले, वय सांगितले आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिले, 'ध्यानात नाही.' सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर करून उलटतपास घेतला. बाहेर आल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'वकीलसाहेब, पोरीचं जमलंय. ऊसतोडीची उचल त्यांच्याच मुकादमाकडून घेतलीय. तुम्ही रातच्याला असता का आमच्याकडं?'

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे, हे जास्त बोचते. कलम १५अ मध्ये साक्षीदाराला संपूर्ण संरक्षण, तपासाच्या आणि खटल्याच्या काळातला प्रवास व निर्वाह खर्च, गरज पडल्यास दुसरीकडे स्थलांतर, पुनर्वसन हे सारे लिहिलेले आहे. दिलेल्या संरक्षणाची माहिती शासनाने विशेष न्यायालयाला द्यायची आणि न्यायालयाने तिचा वेळोवेळी आढावा घ्यायचा, असेही आहे. नियम ११ सांगतो की साक्षीला आलेल्या माणसाला भाडे आणि शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही इतका निर्वाह खर्च मिळाला पाहिजे, तोही लगेच किंवा फार तर तीन दिवसांत. त्या बाईने तीन रोज बुडवले. माझ्या सांगण्यावरून अर्ज केला. तिला बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स मागितली, मग आधारची, मग हजेरीचा दाखला. झेरॉक्सचा खर्च भत्त्याच्या वर जाईल म्हणून तिने नाद सोडला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. त्याआधीच २०१७ मध्ये आपल्या राज्याने साक्षीदारांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अशा योजनेसाठी कलम ३९८ आहेच. कायद्यांचा दुष्काळ नाही, साहेब. त्या बाईच्या दारापर्यंत यातले काहीच आले नाही.

दुसरी गोष्ट क्रॉस केसची. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला की एक-दोन दिवसांत, कधी त्याच रात्री, फिर्यादीवर आणि नेमक्या साक्षीदारांवर उलटा गुन्हा नोंदवला जातो. बहुधा दरोड्याचा. गळ्यातली सोन्याची चेन हिसकावली, खिशातले रोख काढून घेतले, मजकूर ठरलेला. ज्याच्या घरावर जमाव चालून गेला तोच त्या जमावाच्या खिशातून पैसे काढतो, यावर ठाणे अंमलदाराचा विश्वास बसतो. मग मूळ गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकांकडे आणि उलट्या गुन्ह्याचा ठाण्यातल्या कोणाकडे तरी. साक्षीदार अटकपूर्व जामिनासाठी माझ्याकडे खेटे घालतो, फी द्यायला शेळी विकतो, आणि वर्षभराने गावातली मोठी माणसे येऊन सांगतात, तुम्ही तुमचे मागे घ्या, आम्ही आमचे घेतो. ॲट्रॉसिटी आपसात मिटवता येत नाही. पण साक्षीदाराच्या आठवणीवर कोण गुन्हा दाखल करणार?

अशा रीतीने सुटलेला प्रत्येक खटला पुढे आकडेवारीत येतो आणि 'बघा, बहुतेक केसेस खोट्या' असे म्हणणाऱ्यांच्या हाती पडतो. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटीतल्या अटकेवर आणि गुन्हा नोंदवण्यावर अटी घातल्या, ते प्रकरण आपल्याच राज्यातले होते. आणि तारीख महाडच्या चवदार तळ्याची! (त्या दिवशी बार रूममध्ये हे कोणाच्याच लक्षात आले नाही.) संसदेने त्याच वर्षी कलम १८अ आणून त्या अटी काढल्या, २०२० मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. तो वाद कागदावर मिटला, चहाच्या टपरीवर मिटलेला नाही. फितुरीमुळे सुटलेला खटला आणि खोटा खटला यांतला फरक दाखवायचा तर फितूर साक्षीदार मोजावे लागतील. दोषारोपपत्र मोजणाऱ्यांच्या तक्त्यात तो रकानाच नसतो.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या कक्षेत जे येत नाहीत त्यांच्याबद्दलही थोडे लिहितो, कारण द्वेष जातीचा दाखला बघून थांबत नाही. हडपसरला जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून शहर तापलेले असताना नमाजाहून परतणाऱ्या एका मुस्लिम तरुण अभियंत्याला जमावाने ठार मारले. त्या मजकुराशी त्याचा काही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारे. भटक्या जमातीतले, म्हणून अनुसूचित जातीत नाहीत आणि म्हणून १५अ चे संरक्षण त्यांच्या नातेवाइकांना नाही. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षकापेक्षा कमी नसलेल्या दर्जाचा नोडल अधिकारी नेमा असे सांगितले. माझ्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, हे मी तीन पोलीस ठाण्यांत विचारले. दोन ठिकाणी मला सायबर सेलचा नंबर दिला.

आता मागणी. नवा आयोग, नवे महामंडळ, नवा पुरस्कार यांतले काही नको. पीसीआरचे काम दोषारोपपत्रापाशी थांबवू नका, निकालापर्यंत न्या. प्रत्येक खटल्यात साक्षीदारांची वही पीसीआरच्या एका अधिकाऱ्याच्या नावावर असावी. त्याने साध्या कपड्यांत, गावात बोभाटा न करता, ठरावीक अंतराने त्यांना भेटावे: रोजगार बंद झाला का, किराणा बंद झाला का, कोणी निरोप पाठवला का, पोरांना शाळेत त्रास आहे का. त्याची टिपणे विशेष न्यायाधीशांसमोर जावीत. आढावा घेण्याचा अधिकार त्यांना आहेच, कागद त्यांच्यापुढे येत नाहीत. साक्षीच्या दिवशी पोलिसांची गाडी साक्षीदाराला घरून आणण्यासाठी निघू दे, आणि भत्ता त्याच दिवशी, कोर्टातून बाहेर पडण्याआधी हातात पडू दे. क्रॉस केसचा तपास मूळ गुन्हा तपासणाऱ्या उपअधीक्षकांच्याच नजरेखाली ठेवा, नाहीतर दोन्ही तपासांच्या निष्कर्षांची तोंडे दोन दिशांना राहतील. न्यायालयाच्या इमारतीत साक्षीदारांसाठी एक खोली द्या. पंखा असला तर उत्तम, दार असले तरी पुरे. आणि जातीयच नव्हे, धर्माच्या नावाने वा अफवेतून झालेल्या जमावाच्या हिंसेतल्या साक्षीदारांनाही हीच व्यवस्था लागू करा. २०१७ च्या राज्य कायद्याचा आधार त्यासाठी पुरेसा आहे.

मनुष्यबळ नाही, असे उत्तर येईल. बंदोबस्ताला माणसे लागतात हे मलाही दिसते. गणपती, निवडणुका, मोर्चे. पण जयंतीच्या मिरवणुकीला जी कुमक गावात दोन दिवस उभी असते, तिच्यातला एक माणूस वर्षभरात चार वेळा त्या गावातल्या साक्षीदाराच्या घरी चहाला गेला, तर तेवढ्याने बंदोबस्त कोलमडणार नाही.

नियमाप्रमाणे समितीची बैठक जुलैत होईल. त्या बैठकीसाठी प्रत्येक जिल्ह्याकडून दोनच गोष्टी मागवाव्यात अशी विनंती आहे: गेल्या वर्षी निकाली निघालेल्या ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत किती साक्षीदार फितूर झाले, आणि त्यांतल्या किती जणांच्या घरी दोषारोपपत्रानंतर एकदा तरी कोणी अधिकारी गेला होता. ही माहिती पीसीआरकडे तयार नसेल तर ती गोळा करायला त्यांना तीन महिने द्या आणि ती आल्यावर बैठक पुन्हा बोलवा. वर्षातून किमान दोनदा, असे नियमात आहे. तिसऱ्या बैठकीला मनाई नाही.

कळावे.

आपला,
मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयातील वकील