चरातला गाळ कोण काढणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो बघितला. जेसीबीच्या बकेटला झेंडूचा हार, पुढं नारळ, बाजूला पाच-सहा पांढरे शर्ट आणि मागं उघडाबोडका माळ. खाली लिहिलेलं की जलसंधारणाच्या कामाचा शुभारंभ. मी भांडुपला राहतो पण गाव माण तालुक्यातलं, जिल्हा सातारा, त्यामुळं असला फोटो दिसला की पान उलटायच्या आधी आपोआप थांबतो आणि माळ कुठला ते बघतो. आणि दरवेळी मनात एकच येतं, शुभारंभ छापला, आता याच जागेचा तीन पावसाळ्यांनंतरचा फोटो कोण छापणार? टोमणा नाही हा, खरंच विचारतोय, कारण आमच्या गावाचा तसा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि तो बघवत नाही.

थोडं मागचं सांगतो. २०१८ ला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये आमचंही गाव होतं, ८ एप्रिल ते २२ मे अशी ४५ दिवसांची स्पर्धा. त्या वर्षी राज्यात पहिला नंबर आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं काढला. आम्ही कितवे आलो ते सोडा, पण काम झालं हे नक्की. १ मे ला शहरातनं लोक श्रमदानाला गावोगाव गेले तेव्हा आमच्या गावच्या मुंबई मंडळानं पण एक बस केली, भांडुप घाटकोपर कळंबोली मिळून चाळीसेक माणसं, त्यात माथाडीतली पोरं होती, एक बँकेतले साहेब होते, दोन नर्सबाई होत्या. पहाटे माळावर पोचलो आणि उत्साहात टिकाव मारत सुटलो, खणलेली माती टाकत होतो चराच्या वरच्या अंगाला (चर म्हणजे पाणी आणि माती अडवायला माळाच्या उतारावर आडवा खणलेला लांब खड्डा). अर्ध्या तासानं गावातली नववीची एक पोरगी ए फ्रेम घेऊन आली (तीन काठ्या आणि मधे दोरीला टांगलेला दगड, एवढंच ते यंत्र, त्यावर समपातळी काढतात) आणि आमच्याकडं बघून कपाळाला हात लावला. "ओ मुंबईवालं काका, माती खालच्या अंगाला टाका की, न्हायतर पहिल्याच पावसात सगळी परत चरात. आन् मधी फूटभर जागा सोडा." बँकेतल्या साहेबांनी गुमान परत माती उचलली. आम्ही दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणला, दुपारपर्यंत हाताला फोड आले, पण संध्याकाळी बसमध्ये प्रत्येकाला वाटत होतं की आपण गावाला पाणी देऊन आलो.

आता त्या दीड फुटाची गंमत ऐका. मागच्या वर्षी दसऱ्याला गावी गेलो तेव्हा त्याच माळावर चढलो, सोबत आमचे आप्पा म्हणजे थोरले चुलतभाऊ, शेती तेच बघतात. चर दिसेना. म्हणजे रेघ दिसत होती, गवत वेगळं उगवलेलं होतं त्यावरनं कळत होतं की इथं काहीतरी होतं. आप्पांच्या हातातली काठी घेऊन मी चरात उभी धरली, काठापासनं तळापर्यंत माझी एक वीत. बाकी सगळा गाळ. माती गच्च बसलेली, वर भेगा. मी म्हटलं आप्पा हे कधी भरलं? ते म्हणाले, "दोन वर्सातच भरलं. चर हाय तो, माती अडवाया खणलाय, भरणारच की. भरला तर काढाया नको?"

एवढं साधं आहे बघा. चर भरला म्हणजे चर बिघडला असं नाही, त्यानं त्याचं काम केलं, माळावरची जी माती ओढ्यात गेली असती ती धरून ठेवली. पण भरलेल्या चरात पाणी कुठं थांबणार? ते वरनं सपाट वाहत येतं, जिथं काठ खचलाय तिथनं एका जागी खाली उतरतं आणि मग पसरून येणारं पाणी धारेनं यायला लागतं. म्हणजे गाळ काढला नाही तर चर नुसता बिनकामाचा होत नाही, एखाद्या ठिकाणी तो उलटा नुकसान करतो. आमच्या माळावर तशी एक ओघळ पडलीय, मी आत उतरलो तर गुडघ्याच्या वर आली.

आमच्याकडं वर्षाला पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, कित्येक वर्षी तेवढाही नाही. तुम्हाआम्हाला २६ जुलै २००५ आठवतो, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. माणला तेवढा पडायला जवळजवळ दोन वर्षं लागतात. पण जो पडतो तो सप्टेंबरात, परतीचा, आणि दोन-चार दणक्यात. एक इंच पाऊस एका एकरावर पडला की ते साधारण एक लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर, एका तासात, फुकट, प्रत्येकाच्या एकेका एकरावर. एप्रिलमध्ये त्यातल्या एका टँकरसाठी बायका हंडे लावून भांडत असतात. तो एक तास माळ आणि ताली (ताल म्हणजे शेतातला मातीचा बांध, आमच्याकडचा शब्द) तयार नसतील तर पाणी गेलंच, आणि जाताना रिकाम्या हातानं जात नाही, माती घेऊन जातं.

तालींचं पण तेच. आप्पांच्या चार एकराच्या वावरात योजनेतनं जेसीबीनं ताली टाकून दिल्या, उंच, छान, कडक. पण जादा पाणी बाहेर पडायला दगडाची सांड ठेवायची असते ती कुणी ठेवलीच नाही, कारण जेसीबीचं बिल तासावर आणि दगड रचायला माणूस लागतो. पहिल्या मोठ्या पावसात सगळ्यात खालच्या कोपऱ्यात पाणी तुंबलं आणि ताल फुटली. बाजरीसकट माती ओढ्यात. मग आप्पांनी स्वतः डबर गोळा करून सांड रचली, दोन दिवस लागले, ती अजून शाबूत आहे. बाकीच्या शेजाऱ्यांनी ताल फुटली तिथं काटक्या टाकून ठेवल्यात. नाला बांधाच्या भरावात तर उंदरांची आणि खेकड्यांची बिळं आहेत, ती वेळेत बुजवली नाहीत की पाणी तिथनंच वाट काढतं (खेकड्यांवर ढकलून मोकळं व्हायची पद्धत आपल्याकडं आहेच, पण खेकड्याला बीळ करू देणारा कोण?).

ओढ्यात गेलेली माती कुठं जाते विचाराल तर खालच्या पाझर तलावात. तो तलाव १९७२ च्या दुष्काळातला. माझे वडील त्याच्यावर कामाला होते, मिलोची (अमेरिकेतनं आलेली लाल ज्वारी) भाकरी आणि सुकडी खाऊन माती वाहिली म्हणायचे, आणि पुढच्या वर्षी मुंबईला गिरणीत आले. आता तो तलाव निम्म्याहून जास्त गाळानं भरलाय. २०१७ पासनं गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार ही योजना आहे, चांगली आहे, गाळ शेतात टाकला की पीक जोरात येतं. आप्पांनी पण बारा ट्रॉल्या आणल्या. गाळ फुकट पण ट्रॅक्टरचं भाडं पदरचं. म्हणजे स्वतःच्याच वावरातली माती भाडं भरून परत आणली! हे ते हसत सांगत होते, मला हसू आलं नाही.

मग मी तालुक्याला एका ऑफिसात गेलो, चर साफ करायला आणि सांडी रचायला काही मिळेल का विचारायला. टेबलावरचे साहेब वागायला चांगले होते, चहा पण दिला. म्हणाले, "नवीन काम असेल तर सांगा, लगेच प्रस्ताव घेतो. दुरुस्तीला हेड नाही." म्हणजे त्या खर्चाचं खातंच नाही. मी म्हटलं अहो जुनंच काम अर्ध्या खर्चात नव्यासारखं होईल. तर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, पण हेड नाही." जुन्या चराशेजारी नवीन चर खणायला पैसे आहेत, जुना उपसायला नाहीत. सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर ९,६०० कोटींच्या वर खर्च होऊनही भूजलात फारसा फरक पडला नाही असं सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं २०२० मध्ये लिहिलं तेव्हा दोन्ही बाजूंनी भरपूर राजकारण झालं. मला त्यात पडायचं नाही. पण खणलेलं पुढं सांभाळायचं कुणी, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारलेला मी तरी ऐकला नाही.

आणि मुंबईत बघा. दर वर्षी ३१ मे च्या आत नालेसफाई व्हायला पाहिजे म्हणून आपण सगळे बोंब मारतो, टक्केवारी छापून येते, गाळ खरंच काढला की कागदावर काढला यावर भांडणं होतात, मिठी नदीच्या गाळावर तर काय काय निघालं. पण "नाला २०१८ ला साफ केला होता, आता परत कशाला" असं म्हणणारा माणूस मी इथं बघितला नाही. गावच्या चराला मात्र आपण सगळे हेच म्हणतोय. एकदा घाम गाळला, सेल्फी काढला, झालं.

सगळा दोष सरकारला देऊन मी मोकळा होणार नाही. आमच्या मंडळाचंच सांगतो. वर्षाला घरटी वर्गणी जमते, बरी जमते. मागच्या तीन वर्षांत गावाच्या वेशीवर कमान झाली, ग्रॅनाइट लावलाय, देणगीदारांची नावं कोरलीत, माझं पण आहे, खोटं कशाला बोलू. मी मीटिंगमध्ये चराचा विषय काढला तर एकजण म्हणाला चरावर नाव कुठं लिहिणार. सगळे हसले, मी पण हसलो. दुसरा म्हणाला आता उरमोडी धरणाचं पाणी येतंय, चर कशाला हवेत. अरे बाबा, कॅनॉलचं पाणी खाली येतं, माळावर चढत नाही, आणि ते माती धरत नाही. वरची माती गेल्यावर खाली पाणी आणून मुरमात ऊस लावणार का? आणि ऊस लावायची हौस तर आहेच, पण तो वेगळा विषय आहे, त्यावर लिहायला बसलो तर तुमचं पान पुरायचं नाही.

पाण्याच्या कामासाठी हिवरे बाजार गावाचं नाव सगळे घेतात, तिथल्या पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली त्याचं कौतुक करतात. पण तिथं दर वर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात, आणि हे १९९० च्या आसपास काम सुरू केलेलं गाव अजून करतंय. तीस वर्षांत कंटाळले नाहीत. आम्ही ४५ दिवसांत थकलो. चराईबंदी पण आम्हाला जमली नाही. ती धनगरवाड्यावर लादून जमणार पण नाही, मेंढरं हेच ज्यांचं पोट त्यांना माळ बंद म्हणून कसं सांगणार, आधी त्यांच्या चाऱ्याचं बघा. निदान चराच्या काठावरनं कळप न्यायचा नाही एवढं तरी बसून ठरवता आलं असतं.

माझा हिशोब साधा आहे. मंडळाच्या वर्गणीतले घरटी दोनशे रुपये बाजूला काढायचे आणि दर मे महिन्यात गावातल्याच चार-पाच माणसांना मजुरी देऊन चर उपसायचे, सांडी बघायच्या, बिळं बुजवायची. मुंबईची बस नको, आमच्या फोड आलेल्या हातांचा तिथं फार उपयोग नाही हे मला त्या दिवशीच कळलं होतं. आणि संपादकसाहेब, तुमच्याकडं एक मागणं आहे, हार घातलेल्या जेसीबीचा फोटो छापलात त्या गावाची नोंद ठेवा आणि तीन वर्षांनी तुमचा वार्ताहर परत तिथंच पाठवा, सोबत एक काठी द्या. माझा फोटो हवा असेल तर पाठवतो, त्यात कोपऱ्यात माझा अंगठा आलाय पण वीत नीट दिसते.

पुढच्या रविवारी मंडळाची मीटिंग आहे. अजेंड्यावर कमानीच्या लायटिंगचा विषय पहिला आणि चराच्या दुरुस्तीचा सातवा. सहसा चौथ्या विषयाला वडापाव येतात आणि लोक उठतात. मी सातव्यापर्यंत बसून राहणार आहे.

आपला नम्र,
एक माणदेशी मुंबईकर
भांडुप