कॉलेज रोडच्या काउंटरवरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चांगलं वागल्याबद्दल कुणाला वरून बोलणी बसायला नकोत, आणि तुमच्या कंपनीचा काही भरवसा नाही. पण तुम्ही ओळखालच : नाशिकरोडचे अण्णा, हातात मोबाइलच्या बिलाची घडी, आणि शेजारी तावातावाने बोलणारी त्यांची मुलगी. ती मी.

दरमहा चारशेच्या आत येणारं बिल सात हजारांवर गेलं होतं, वर १८ टक्के जीएसटी. माझी लेक जर्मनीत शिकते. रात्री दोनला एक रिंग वाजून फोन कट झाला, नंबराआधी अधिकचं चिन्ह दिसलं, आणि तिकडे आत्ता साडेनऊ वाजले असतील असा हिशेब अण्णांनी अंथरुणातच मांडला. पोरगी अडचणीत असेल म्हणून ते परत परत फोन लावत राहिले. त्यांना वाटलं, रिंग जातेय. प्रत्यक्षात पलीकडे फोन केव्हाच उचललेला, रिंगचा नुसता आवाज लावून ठेवलेला, आणि मीटर पळतंय. नंबर +३७१ चा, म्हणजे लॅटव्हियाचा. आमचं सात पिढ्यांत तिकडे कुणी नाही.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो, त्या साहेबांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही. "कॉल तुमच्याच फोनवरून गेलाय ना? मग भरा." आणि अण्णा समोर उभे असताना मला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांना साधा फोन द्यावा, मॅडम." जसं काही साध्या फोनवर मिस्ड कॉल येतच नाहीत! तक्रार घेतली म्हणाले, पण तिचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मागितला तर "उद्या या". तो द्यावाच लागतो, फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायचा २०१२ पासूनचा नियम आहे, हे आम्हाला कळलं ते तुमच्याकडून.

अण्णांची उभी हयात प्रेसमध्ये नोटांच्या आकड्यांत गेली. नंबर ओळखता आला नाही, ही गोष्ट त्यांना पैशांपेक्षा जास्त लागली होती. जेवताना बोलत नव्हते. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की बाल्कनीत जायचे.

तुम्ही काय केलंत? स्टूल उचललंत, काउंटरच्या बाहेर आलात आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसलात. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं हे मी सांगितलं नव्हतं, दोन वाक्यांत तुम्हीच ताडलंत. मग माझ्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोललात. "आजोबा, नातीचा वाटला ना? मीपण लावला असता." अशा कॉलच्या पैशातला वाटा फसवणाऱ्यांपर्यंत पोचतो, हा धंदाच आहे, हे त्यांना सावकाश समजावलंत. शेवटी टोकनच्या पावतीमागे ठळक अक्षरांत लिहून दिलंत : '+४९ नात. बाकी कुणालाही परत फोन नाही.' 'नात'खाली दोन रेघा. अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं आणि कितीतरी दिवसांनी हसले.

बिलातला मोठा भाग वजा झाला, आयएसडी, म्हणजे परदेशी फोन लावायची सोय, बंद झाली. त्याबद्दलही आभार आहेतच. पण खरं सांगू? पूर्ण सात हजार भरावे लागले असते तरी हे पत्र लिहिलंच असतं. बँकेत म्हातारीची स्लिप भरून देणारा शिपाई, स्टॉप आला की आजोबांना हाक मारणारा कंडक्टर, यांच्या पगारात त्याचे पैसे धरलेले नसतात. तुमच्याही नसणार. त्या साहेबांना मात्र मान वर न करण्याचा पगार मिळतो असं दिसतं.

पुढचं बिल भरायला अण्णा जातीने कॉलेज रोडला येणार आहेत. घरबसल्या भरता येतं हे सांगून मी थकले. तेव्हा तुमची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते, तेवढं कृपया कळवा.