बाबांच्या घशाशी येणाऱ्या पित्ताबद्दल

पुणे

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘हो हो, बघू’ म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहितेय.

लातूरला केलेल्या दुर्बिणीचा रिपोर्ट इथल्या पोटाच्या डॉक्टरांना दाखवला. बाबा, पोट न फाडता पित्त वर येणं थांबवता येतं असं तुमच्या मित्रानं सांगितलं, ते खोटं नाही. तोंडातून दुर्बीण घालतात, पोटावर चीर नाही. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती दुमडून प्लास्टिकच्या बारीक टाक्यांनी पक्का करतात. टीआयएफ म्हणतात त्याला. अमेरिकेत 2007 साली मान्यता मिळाली. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह गळतो तसंच तुमच्या जठराच्या तोंडाशी झालंय, आणि ही घडी म्हणजे तो व्हॉल्व्ह पुन्हा बसवणं. पण तो म्हणतो तसं ‘सकाळी जा, संध्याकाळी घरी’ इतकं सोपं नाही. पूर्ण भूल लागते, बहुतेक ठिकाणी एक रात्र ठेवून घेतात, पुढं काही आठवडे पातळ-मऊ खाणं आणि जड उचलणं बंद. खताच्या पोत्याला हात लावायचा नाही म्हटल्यावर तुम्ही ऐकाल का, हा माझा खरा प्रश्न आहे. शिवाय काही जणांना चार-पाच वर्षांनी पित्ताची गोळी परत सुरू करावी लागते, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मी नको म्हणत नाही. घाई नको म्हणते. रिपोर्टमध्ये ‘लहान हायटस हर्निया’ (म्हणजे जठराचा वरचा भाग थोडा छातीत सरकलाय) एवढंच लिहिलंय, माप नाही. सगळं त्या मापावर अडलंय. हर्निया 2 सेंटीमीटरपर्यंत असेल तर नुसती ही घडी चालते. मोठा असेल तर आधी तो दुरुस्त करावा लागतो, म्हणजे पोटाला छिद्रं पाडून करायचं ऑपरेशन आलं. दुसरं असं की अन्ननलिकेची सूज ‘ग्रेड ए’ आहे, सगळ्यात सौम्य. तेवढ्यावरून ॲसिडच वर येतंय असं ठाम म्हणता येत नाही. त्यासाठी 24 तासांची पीएच तपासणी असते. नाकातून बारीक नळी, कमरेला छोटं यंत्र, बाकी जेवण, हिंडणं-फिरणं रोजच्यासारखं. त्यात ॲसिड त्या 24 तासांच्या 6 टक्क्यांहून जास्त वेळ वर येत असेल तर दुखणं पक्कं. 4 च्या आत असेल तर जळजळीचं कारण दुसरीकडं शोधायचं. अन्ननलिकेला अन्न खाली ढकलायची ताकद किती आहे तेही मोजतात. ती कमी असली आणि वरून व्हॉल्व्ह आवळला, तर घास अडकायचा.

आणि ती गोळी! शर्टाच्या खिशात पाकीट ठेवून जळजळ झाली की घेता, ती पद्धत चुकीची. सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्ध्या तासानं चहा-भाकरी. दोन महिने अशी घेऊन बघा असं डॉक्टर म्हणाले. ‘गोळीनं किडनी जाते’ म्हणून मनानं एकदम बंदही करू नका, जळजळ दुपटीनं उसळते. तपासणीच्या आधी आठवडाभर थांबवावी लागेल, तीही डॉक्टर सांगतील तेव्हाच.

आई बाबांच्या ठेच्याला दोष देते. मला मोठं कारण रात्रीची लाईट वाटते. हरभऱ्याला पाणी द्यायचं, थ्री फेज येणार रात्री, मग अकराला जेवण आणि लगेच आडवं. त्या रात्री तरी आईनं सातलाच भाकरी वाढावी आणि बाबांनी ती खाऊनच शेतात जावं. पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली एकेक वीट सरकवा. नुसत्या उशा रचून उपयोग नाही, पोट दुमडतं.

तपासणी उदगीरला होणार नाही. हैदराबाद आपल्याला पुण्यापेक्षा जवळ, पण तिथं बाबांची भाषेची अडचण. इथं मी सोबत आहे. मला पुणं बरं वाटतं, तुम्ही ठरवा. येताना दुर्बिणीचे फोटो आणा, आणि ज्यांनी दुर्बीण केली त्यांच्याकडून हर्नियाचं माप लिहून घ्या.

आई, एक तुझ्यासाठी. घास अडकायला लागला, शौच काळी झाली, वजन उतरलं तर माझ्या फोनची वाट बघू नकोस, डॉक्टरकडं ने. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर बाबा ‘पित्त आहे, सोडा दे’ म्हणतील. द्यायचा नाही. जीपमध्ये बसवून आधी ईसीजी.

तुमची,
सुमी