सुभेदार नाना, तुमचा शर्ट अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय सुभेदार नाना,

साष्टांग नमस्कार.

तुमचं घर आमच्यापासून चार घरं पलीकडे. उठून आले असते तर दोन मिनिटांत बोलून झालं असतं. पण तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही हात झटकता आणि "चहा ठेव सूनबाई" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांसमोर लिहिते आहे. आपल्या खान्देशात फौजेतली भरती म्हणजे काय हे घरोघरी माहीत आहे. पहाटे रस्त्याने पळणारी पोरं कुठल्या गावात नाहीत? पण लेक अधिकारी होऊन बाहेर पडतो तेव्हा त्या आठवड्यात आई-बापांनी काय करायचं असतं, हे सांगणारं माणूस दर गावात नसतं. साताऱ्याकडे अपशिंग्यासारख्या गावात घरटी फौजी, तिथे कुणाला विचारत फिरावं लागत नाही. आम्हाला तुम्ही होतात.

ऑक्टोबरात लेकाचा डेहराडूनच्या लष्करी अकॅडमीतून फोन आला. "आई, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पीओपी. पासिंग आउट परेड." ह्यांनी त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून माणसं मोजली. सतरा भरली. भाऊबंद, मामा, दोन्ही आत्या, जळगावची मावशी. गाडी ठरवू, शुक्रवारी रात्री पोचू, शनिवारी परेड बघू, रविवारी परत. लग्नाला जातो तसंच आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही काठी टेकत आलात, सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "पास किती?"

पास लागतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. ही अकॅडमी आहे, आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव आधी कळवावं लागतं, आधार कार्ड बरोबर लागतं, आयत्या वेळी दारात कुणी "आमचा पाहुणा आहे" म्हणून सोडत नाही, हे तुम्ही त्या रात्री समजावलंत. आमच्या वाट्याला चौघांची जागा होती. हे, मी, सासूबाई आणि आमची मुलगी. उरलेल्या तेरा जणांना नाही म्हणायचं कुणी? नाना, मला त्या रात्री झोप आली नाही. आपल्याकडे लग्नात एखादी पत्रिका चुकली तर दहा वर्षं बोलणं ऐकावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही स्वतः घराघरात जाऊन आलात. कुणाला काय सांगितलंत माहीत नाही, पण थोरल्या जाऊबाई संध्याकाळी स्वतःहून बिबड्यांचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पोराला दे, मी इथून टीव्हीवर बघेन." परेडच्या सकाळी मारुतीच्या पारावर मोठा टीव्ही लावून सगळ्या गावाने ती थेट बघितली, त्याची तयारीही तुमचीच.

मग तुम्ही ती दोनशे पानी वही आणलीत. पहिल्या पानावर लिहिलंत, "पोराची परेड". तोवर आम्ही एका दिवसाचा विचार करत होतो. तुम्ही आठवड्याचा हिशेब मांडलात. आधी डेप्युटी कमांडंटची परेड, मग कमांडंटची परेड, म्हणजे रंगीत तालमीच, पण पोरांचा कस तिथेच लागतो. बक्षिसांचा समारंभ, आदल्या संध्याकाळी मैदानावरची प्रात्यक्षिकं, शनिवारी मुख्य परेड, तिच्यानंतर खांद्यावर तारे लावायचं पिपिंग आणि शपथ. "तारे लागल्यावर तो साहेब. तोवर जीसी," तुम्ही म्हणालात. जीसी म्हणजे जेंटलमन कॅडेट, हेही मला तेव्हाच कळलं. अठरा महिने लेक फोनवर हाच शब्द वापरत होता आणि मी नुसती हं हं करत होते.

तिकिटाचं तुम्ही अगदी वेळेवर सांगितलंत. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. तुम्ही तारीख मोजून काढलीत आणि त्या दिवशी सकाळी आठच्या आत ह्यांना घेऊन स्टेशनच्या खिडकीवर उभे राहिलात. भुसावळहून दिल्ली आणि दिल्लीहून डेहराडून. दोन गाड्यांच्या मध्ये तुम्ही आख्खा एक दिवस मोकळा ठेवायला लावलात, तेव्हा ह्यांना ते पटलं नव्हतं. फुकट एका रात्रीचं भाडं जातं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही सांगितलंत, डिसेंबरात आग्र्याच्या पुढे धुकं उतरतं आणि गाड्या जागच्या जागी थांबतात, त्या भागात मी इतकी वर्षं काढली आहेत. आमची गाडी दिल्लीला सहा तास उशिरा पोचली. त्याच दिवशीची पुढची गाडी धरली असती तर ती गेलेलीच असती. ज्यांच्या घरी हा योग येणार आहे त्यांनी हे माझ्या शब्दावर लिहून ठेवावं: उत्तरेत हिवाळ्यात मध्ये एक दिवस हातचा ठेवा.

आणि राहायच्या जागेचं. फोनवर एका लॉजवाल्याने हो म्हटलं होतं, आम्ही पोचलो तर खोली दुसऱ्याला दिलेली. त्या आठवड्यात देशभरातून आई-बाप येतात, भाडी वाढतात, बोलण्याला कुणी जागत नाही. रात्रीचे नऊ, सासूबाईंचे गुडघे धरलेले, लेक रडवेली. ह्यांनी वही उघडली. शेवटच्या पानावर तुम्ही एक नंबर लिहून ठेवला होता, खाली "अडलं तरच". प्रेमनगरला राहणारे तुमचे जुने फौजी सोबती. अकॅडमी चक्राता रस्त्यावर, त्यांचं घर तिच्यापासून जवळ. ते स्कूटर घेऊन आम्हाला न्यायला आले. त्यांच्या गढवाली घरात आम्ही चार दिवस राहिलो, एक पैसा घेतला नाही. काकूंनी पहिल्या रात्री मंडुव्याची रोटी वाढली. सासूबाईंनी तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाल्या, "ही तर आपली नागली!" दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या चुलीवर वांगी भाजून भरीत केलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण चुलीपाशी दोघींच्या गप्पा थांबत नव्हत्या.

आता गव्हाचं लिहिते, कारण त्याबद्दल तुम्ही मला बोलूच देत नाही.

निघायच्या चार दिवस आधी हे म्हणाले, "मी येत नाही. तुम्ही जा." गहू नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेला. एकवीस दिवसांच्या आसपास मुकुटमुळं फुटतात, तेव्हाचं पाणी चुकलं तर फुटवे कमी येतात आणि पुढे काही केलं तरी ते भरून निघत नाही. ते पाणी नेमकं परेडच्या आठवड्यात येत होतं. त्यातून शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची. गडी मिळेना, सगळे कापूस वेचणीत. बाप असून लेकाच्या खांद्याला हात लावायला जाणार नाही, या विचाराने माझा जीव तुटत होता, पण शेतकऱ्याच्या बायकोला त्यावर बोलता येत नाही. तुम्ही दारातूनच अहिराणीत म्हणालात, "तुम्ही निंघा. पानी मी भरसू."

अडुसष्ट वर्षांचं वय, गुडघ्यात जुनी दुखापत, डिसेंबरची रात्र. तीन रात्री तुम्ही बॅटरी घेऊन वाफ्यावाफ्यातून फिरलात. हे मला तुम्ही सांगितलं नाही, माईंनी सांगितलं. आम्ही परतलो तेव्हा गहू गर्द हिरवा होता, एक वाफा कोरडा नव्हता, आणि बांधावर तुमच्या बुटांचे ठसे वाळून घट्ट झालेले.

त्या शर्टाकडे येते.

दिवाळीनंतर एका दुपारी तुम्ही तुमचा जुना वर्दीचा शर्ट घेऊन आलात. धुतलेला, घडी घातलेला. तो खुर्चीच्या पाठीवर चढवलात आणि माझ्या हातात दोन तारे दिलेत. "लाव," म्हणालात. मला वाटलं, त्यात काय शिकायचं. पण खांद्याची पट्टी कडक, तारा निसटे, पिन बोटात घुसे. तुम्ही सांगितलंत, तिथे थंडीने बोटं बधिर होतात, डोळे भरलेले असतात, सगळे फोटो काढत असतात आणि पोरगा काठीसारखा ताठ उभा असतो, तो मदत करू शकत नाही. दहा दिवस रोज मी त्या शर्टावर तारे लावले आणि काढले. शेवटी तर तुम्ही आधी थंड पाण्याच्या बादलीत हात बुडवायला लावलेत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, नाना. सुभेदाराच्या खांद्यावरही दोन तारे, लेफ्टनंटच्या खांद्यावरही दोनच. फरक तुमच्या ताऱ्यांखालच्या त्या रंगीत पट्टीचा. तुम्ही शिपाई म्हणून गेलात, तुमच्या खांद्यावर दुसरा तारा यायला चोवीस वर्षं लागली. ते तारे हातात घेऊन मी माझ्या तेविशीतल्या लेकासाठी सराव करत होते, आणि तुम्ही शेजारी बसून "अजून थोडं वर, सरळ रेषेत" सांगत होतात. तुमच्या चेहऱ्यावर आनंदाशिवाय काही नव्हतं. मी तुमच्याकडे बघायचं टाळलं, कारण मला रडू आलं असतं.

परेडच्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही जागेवर होतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सासूबाईंना लुगड्याच्या आत लोकरी पायमोजे, दोन स्वेटर, वर कानटोपी. समोर ड्रिल स्क्वेअर आणि चेटवूड इमारत. 1932 साली ही अकॅडमी सुरू झाली, पहिल्या तुकडीत चाळीस पोरं आणि त्यांतलेच एक सॅम माणेकशॉ, हे तुम्ही ओट्यावर इतक्यांदा सांगितलं होतं की लेक शेजारच्या पंजाबी बाईंना तेच सांगत बसली.

तुम्ही मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. शेवटी सगळी पोरं संथ पावलांनी पायऱ्या चढून जातात, अंतिम पग म्हणतात त्याला. तेव्हा मोबाइलमागे लागू नको, टाळ्यांतही वेळ घालवू नको. पोराचे पाय बघ. नाना, शेकडो पोरांत, एकाच वेशात, एकाच चालीत, मला तो पायांवरून सापडला. डावा पाय टेकवताना टाच किंचित बाहेर टाकायची त्याची लहानपणापासूनची सवय, त्याच्या आजोबांची. कवायतीच्या उस्तादांनी अठरा महिने घासून ती जवळपास घालवली होती. पायरीवर एकदाच दिसली. बूट आरशासारखे चमकत होते. आपल्याच शेतातल्या कापसाची बोंडं तुम्ही मला पार्सलने पाठवायला लावली होती, ओल्या कापसाने चेरी ब्लॉसम पॉलिश कसं घासायचं ते त्याला फोनवर शिकवलं होतं. त्याने तोच कापूस वापरला होता.

पिपिंगला उजवा खांदा ह्यांचा, डावा माझा. बोटं खरोखर बधिर झाली होती. शेजारच्या एका आईचा तारा खाली गवतात पडला, आम्ही दोघींनी मिळून शोधला. माझा पहिल्या झटक्यात सरळ लागला. लेकाने मान न हलवता हळूच विचारलं, "आई, हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "सुभेदार नानांनी." त्याचा गळा हलला, बाकी काही नाही.

नंतर त्याने आम्हाला अकॅडमीचं उद्घाटन करणाऱ्या चेटवूड साहेबांची तिथली वाक्यं वाचून दाखवली. अधिकाऱ्याने आधी देशाची सुरक्षा, मान आणि हित बघायचं, मग आपल्या जवानांचं, आणि स्वतःचं सगळ्यात शेवटी, नेहमीच. हे ते ऐकून बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "नाना आत्ता शेतात असतील."

लेक सुट्टीवर आला तेव्हा घरात येण्याआधी तुमच्याकडे गेला, ते गावाने बघितलंय. फौजेत अधिकारीसुद्धा सुभेदाराला "साहब" म्हणतात, तसं त्याने तुम्हाला "सुभेदार साहब" म्हटलं. तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात आणि "घरी नाना म्हण" म्हणून आत नेलंत. आत काय बोललात ते दोघांनीही आम्हाला सांगितलेलं नाही. तासाभराने तो बाहेर आला तो डोळे पुसत.

तुमचा शर्ट मी धुऊन, इस्त्री करून, डांबरगोळी घालून कपाटात ठेवला आहे. दोन्ही तारे त्याच्या खांद्यावर आहेत, सरळ रेषेत. माईंना घेऊन या रविवारी जेवायला या. खापरावरचे मांडे करते, तुम्हाला आवडतात म्हणून आमरसाची वाट न बघता दुधाबरोबर. शर्ट त्याच दिवशी घेऊन जा.

तुमची,
सूनबाई